बिनचिंचेचं अळू

अळू खाजतं, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. तेही जंगलात.

हसू नका. तुमच्या घरी भाजी बाजारातून येत असेल, त्यामुळे तुम्हाला हे पहिली-दुसरीतच कळलं असेल. आमचा नाशिकला मखमलाबाद रोडला मळा होता. आमच्याकडे भाजी यायची नाही, जायची. आणि आमच्या अळूला चिंच लागत नाही, हा घरातला कायदा होता. आई फदफदं करायची ते नुसतं ताक, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. दादा, म्हणजे माझे वडील, बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बसायचे आणि दर गिऱ्हाइकाला बजावायचे, "चिंच घालून वाटोळं करू नका. रंगनाथचं अळू हाये हे. खाजत नाय." लग्नाच्या पंगतीत चिंचगुळाचं अळू वाढलं की दादा बोट लावून बघायचे आणि माझ्या कानात म्हणायचे, "माल हलका हाये." दर बुधवारी त्यांच्या अळूला नवीनच गिऱ्हाईक यायचं. दादांना त्याचा फार अभिमान. नाव पसरतंय, म्हणायचे.

दुसरा कायदा भेंडीचा. काही बायका भेंडीचं टोक मोडून बघतात, कोवळी आहे का. बघतात आणि ठेवून देतात. दादांसमोर हे केलं की संपलं. "मोडली ती पण टाका पिशवीत!" एवढ्या जोरात ओरडायचे की चार पाट्या पलीकडचा कांदेवाला सुद्धा दचकायचा. मी लहान असताना मला वाटायचं, दादांचा आवाज देवळातल्या घंटेसारखा कायमचा आहे.

मग मळा रस्त्यात गेला. त्याची गोष्ट मी सांगणार नाही. नाशिकमध्ये ती प्रत्येकाकडे आहे, आणि प्रत्येकाची जास्त लांब आहे. घर राहिलं, मळा गेला. विहिरीच्या जागी आता दुभाजक आहे.

दादा रोज सकाळी उठून तिथेच जायचे. पायांची सवय, त्याला काय करणार. रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. ट्रकवाले थांबून विचारायचे, "चाचा, अंबड किधर?" दादा हात दाखवायचे. पुढे पुढे तर ट्रकवाले लांबूनच हात करायचे. अंबडच्या कारखान्यात मी नोकरी करतो, लेथवर. एकदा नाइट शिफ्टवरून येताना मी त्यांना तिथे पाहिलं आणि हॉर्न न वाजवता निघून आलो.

दादांचं बोलणं बंद झालं. म्हणजे हो, नाही, राहू दे, एवढंच. पण खरी पंचाईत जेवणाची झाली. मळेवाल्यानं भाजी विकत घ्यायची नाही, हा तिसरा कायदा. आतापर्यंत तो कधी वापरायचीच वेळ आली नव्हती. आता घरात येणारी प्रत्येक जुडी विकतची. दादा ताट बघायचे, भाजी बाजूला सारायचे आणि चटणी-भाकरी खाऊन उठायचे. आईनं एकदा खोटं सांगितलं, "मेथी गिरणाऱ्याच्या भावजीनं धाडलीये." दादांनी जुडीची सुतळी बघितली. "गिरणाऱ्याचे लोक अशी गाठ मारत नाय." संपलं. भावकीतल्यांनी खरंच पाठवून बघितली, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या मळ्यात चरायला मी काय बकरी हाये?" आईनं गच्चीवर तेलाच्या डब्यात पालक लावला. दादांनी एकदा वर जाऊन पाहिलं, "डब्यात शेती" म्हणाले आणि खाली आले. त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत.

दिवाळीपासून हे चाललं होतं. चैत्रात दादांना रस्त्यातच चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी झालंय, हिरवा पाला पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी चक्कर येऊन भागणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मुलगा ना? करा काहीतरी."

हे काहीतरी करणं मला नडलं.

मी ही गोष्ट फक्त शेजारच्या सोमनाथअण्णांना सांगितली. म्हणजे गल्लीला सांगितली. अण्णा मनमाडला रेल्वेत होते, रिटायर होऊन इथे आले. त्यांच्या मते माणसाचे सगळे आजार प्रवासानं बरे होतात, आणि जे होत नाहीत ते गाडी लेट झाल्यामुळे होत नाहीत. "ज्ञानेश, मी आयुष्यभर बघितलंय. घरात नाक मुरडणारा माणूस मनमाडला गाडी थांबली की कशावरही तुटून पडतो. जागा बदलली की भूक लागते. त्याला हलव." समोरच्या वत्सलाबाई म्हणाल्या, हलवायचं तर वणीला आधी न्या, दृष्ट लागलीये. त्यांचा भाचा म्हणाला, हिल स्टेशन. कंपनीतल्या एकानं पेपरची पुरवणी आणून दिली. तिच्यात जंगल भ्रमंती, मनाची मरगळ, असलं काहीतरी होतं. मी सगळ्यांचं ऐकलं. माझा हा दोष आहे, मी सगळ्यांचं ऐकतो. त्यामुळे प्लॅन असा झाला: वणी, तोरणमाळ, उकाई धरण, सापुतारा, आणि येताना सुरगाण्याच्या बाजूला एक दिवस जंगलात पायी. अण्णांनी त्याचं वेळापत्रक करून दिलं. आगमन, प्रस्थान, आणि शेरा.

गाडी मित्राची, मारुती व्हॅन. तिचं सरकतं दार डाव्या वळणावर आपोआप उघडायचं. ड्रायव्हिंग मी स्वतःच शिकलो होतो, कंपनीच्या पार्किंगमध्ये, त्यामुळे रिव्हर्स झकास यायचा. माझी मोठी बहीण छायाताई नांदगावहून खास आली. नवऱ्याला सासूच्या हवाली करून. गाडी बघितल्यावर पहिलं वाक्य, "ज्ञान्या, हिच्यात आपण जायचंय का हिला ढकलत न्यायचंय?" पाच दिवस दाराशेजारी ती बसली आणि दार ओढणीनं सीटला बांधून ठेवलं. मी तिचे उपकार मानतो, पण तोंडावर नाही.

निघताना वत्सलाबाईंनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. दादा वाकले, मिरची दोन बोटांत धरून बघितली, "बाजारची," म्हणाले आणि मागे जाऊन बसले. अण्णांनी हिरवा रुमाल हलवला. सुरुवात ही अशी.

पहिले चार दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते आठवायचे नाहीत. दिंडोरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूला मळेच मळे. दादांनी डावीकडून तोंड फिरवलं तर उजवीकडे टोमॅटो. शेवटी डोळे मिटून घेतले. मी मुद्दाम हा रस्ता निवडला होता, हिरवळ दिसेल म्हणून. वणीला आईनं नवस बोलला. कसला ते विचारल्यावर म्हणाली, "देवीला कळलंय." तोरणमाळला एवढं धुकं की आम्ही फक्त एकमेकांना बघून आलो. उकाईचं धरण त्या दिवशी लोकांसाठी बंद होतं. सापुताऱ्याच्या हॉटेलात पोऱ्यानं मिक्स व्हेज आणून ठेवली. दादांनी चमच्यानं एक फ्लॉवरचा तुरा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला, आणि पाण्यात भाकरी कुस्करून खाल्ली. हॉटेलातली सगळी माणसं बघत होती. छायाताई म्हणाली, "वेळापत्रकात शेऱ्यात काय लिहू?" आई वणीनंतर एकदाही काही बोलली नाही. फक्त कमरेची सुपारीची चंची उघडायची, बंद करायची.

रात्री मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, "भूक लेट आहे. येईल."

मग तो जंगलाचा दिवस.

जंगलाच्या तोंडाशी नाका होता आणि नाक्यावर खाकी कपड्यातले एक गृहस्थ. जून संपत आला होता, रिपरिप चालू होती, आणि त्यांच्या टेबलावर वही प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली होती.

"प्रयोजन?"

"म्हणजे?"

"आत कशाला चाललात?"

"हवापालट," मी म्हणालो.

"ह्यांना भाजी खाऊ घालायचीये," आई म्हणाली. वणीनंतरचं तिचं पहिलं वाक्य.

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. दादांकडे पाहिलं. दादा झाडांकडे बघत होते. "पर्यटन लिहितो," ते म्हणाले. "आणि तो स्टोव्ह आत नेता येणार नाय. वणवा लागतो."

"साहेब, पाऊस पडतोय."

"नियम उन्हाळ्यात झालाय, पण बाराही महिने चालतो." मग जरा विरघळले. "वढ्यापाशी पत्र्याची शेड हाये. तिथं चूल हाये. चुलीला परवानगी हाये."

म्हणजे स्टोव्हनं वणवा लागतो, चुलीनं नाही. मी वाद घालणार होतो, पण छायाताईनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. स्टोव्ह नाक्यावर जमा. आईनं पातेलं-पळी, पिठाचा डबा, तांदूळ, डाळ, मीठ-मिरची आणि तेलाची बाटली तेवढी गाठोड्यात बांधून घेतली.

मी कॅनव्हासचे नवीन बूट घेतले होते. होकायंत्रही घेतलं होतं, पंचवटीत, खेळण्याच्या दुकानातून, पण दुकानदार म्हणाला होता की खरं आहे. गळ्यात शिट्टी. मी पुढे, मागे छायाताई, मग आई, शेवटी दादा. असं ठरलं होतं. थोड्याच वेळात दादा सगळ्यांच्या पुढे होते. प्लास्टिकची चप्पल, पायजमा, पांढरी टोपी, आणि चिखलात पाय कसा टाकायचा हे त्यांना कुणी पुरवणीतून सांगितलेलं नव्हतं. मी मात्र बुटांसकट दोनदा बसलो. बसलो म्हणजे पडलोच, पण मी बसलो असं म्हणालो.

जंगल उदास होतं. सागाची पानं एवढी मोठी की पाऊस आपल्यावर पडतच नाही, फक्त कुठेतरी वर भांडण चाललंय असं वाटतं. वास ओल्या घोंगडीचा. पक्षी एक. तोही वैतागलेला. पुरवणीत लिहिलं होतं, मन मोहरून येतं. माझ्या मोज्यात जळू निघाली.

होकायंत्राप्रमाणे आम्ही उत्तरेला जात होतो. एका जाड, वाकड्या सागापाशी छायाताई थांबली. तिनं फांदीला रुमाल बांधला. बऱ्याच वेळानं आम्ही परत एका जाड, वाकड्या सागापाशी आलो. त्याला रुमाल बांधलेला होता.

"उत्तरेला पण माझाच रुमाल," छायाताई म्हणाली.

मी होकायंत्र हलवलं. काटा गोल फिरला आणि पुन्हा माझ्याकडेच बोट करून थांबला. मी काही बोलणार, एवढ्यात आई म्हणाली, "हे कुठंयत?"

दादा नव्हते.

आता मी खरं सांगतो. त्या वेळी माझ्या डोक्यात जे आलं ते मी लिहू शकत नाही. डॉक्टरांचं वाक्य आलं. चक्कर आली. ओढा आला. मी शिट्टी वाजवली, तर तिच्यातून नुसतं पाणी. आई तर पळत सुटली. त्या बाईला गुडघेदुखी आहे, जिना चढताना दर पायरीला देवाचं नाव घेते. ती पळत होती आणि ओरडत होती, "अहो! अहो!" जंगलात त्या हाकेला शंभर नवऱ्यांनी ओ दिली असती. दादांनी दिली नाही.

सापडले ओढ्याच्या काठी. गुडघ्यावर बसलेले. टोपी बाजूच्या दगडावर. समोर, दगडांच्या ओलीत, रानअळू. हत्तीच्या कानाएवढं. दादा एकेक पान खालून-वरून बघत होते, देठ खिशातल्या चाकूनं तिरका कापत होते, पाण्यात धूत होते. बाजूला एक जुडी तयार होती, वेलीनं बांधलेली, बाजारात मांडायची असावी तशी, देठ एका रेषेत. मी ते बघितलं आणि चिखलात बसलो. ह्या वेळी खरंच बसलो.

"दादा..."

"याला कुणी लावलं नाय," दादा म्हणाले. आम्हाला नाही, अळूला म्हणाले. "पाणी कुणी देत नाय. आणि विकत बी नाय." मग आईकडे वळले. "खायला काय हरकत हाये?"

दिवाळीनंतरचं एवढं मोठं बोलणं. आई तशीच उभी, छातीवर हात, धापा टाकत. म्हणाली, "काय हरकत हाये."

शेड तिथेच होती, ओढ्याच्या वळणावर. आम्ही सकाळपासून तिच्याभोवतीच फिरत होतो, हे छायाताईनं लगेच सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आई भाजी करायला पुढे झाली तर दादा म्हणाले, "सर बाजूला. आज मी करतो." ओल्या काटक्या फोडून आतलं कोरडं काढलं, फुंकर मारली, पेटवलं. पानं चिरली, डाळ टाकली, मीठ, मिरची. मी दादांना चुलीपाशी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावर जाळाचा उजेड होता. ते बाजारात पाटी मांडताना जसे गुणगुणायचे तसं काहीतरी चाललं होतं. मला वाटलं, लेका ज्ञानेश, जमलं की तुला. अण्णांचं वेळापत्रक, पुरवणी, शिट्टी, सगळं वसूल.

छायाताई म्हणाली, "दादा, चिंच?"

दादांनी पळी थांबवली. "नांदगावला गेली आणि सासरचं शिकली. आपल्या घरात अळूला चिंच लागते का कधी?"

"नाही, पण हे रानातलं..."

"अळू बघून कळतं मला. पानाचा देठ बघ की. माझ्या मळ्यातलंच बी उडून आलंय जसं काय."

अळूचं बी उडत नाही. हे मला सुद्धा माहीत होतं. पण कोण बोलणार? छायाताईनं आईकडे पाहिलं. आईनं नजर खाली घातली. तिचा हात कमरेच्या चंचीवर होता.

पळसाची पानं घेतली. दादांनी स्वतः वाढलं. पहिला घास आईनं घेतला. चावला, गिळला, जरा थांबली. "छान झालंय," म्हणाली आणि आणखी वाढून घेतलं. मग दादांनी खाल्लं. हिरवा पाला दादांच्या पोटात जाताना मी बघितला. डॉक्टरांना फोन करावा असं वाटलं. मग मी खाल्लं.

सुरुवातीला काहीच नाही. मग जिभेच्या टोकाला कुणीतरी बारीक लोकर घासल्यासारखं. मग ती लोकर घशात गेली आणि तिचं निवडुंग झालं. मी पाणी प्यायलो. पाण्यानं ते खाली उतरलं आणि तिथेही सुरू झालं. ओठ फुगले. छायाताई जीभ बाहेर काढून ओढणीनं पुसत होती आणि "शान्या, शान्या" म्हणत होती. तिला ज्ञान्या म्हणायचं होतं. बहुतेक मला शिवी द्यायची होती. मी घसा आतून कसा खाजवावा याचा विचार करत खांबाला डोकं घासत होतो. पंचविशी उलटलेला, नोकरीवाला माणूस. लग्नाचं बघणं चालू आहे.

दादा खात होते.

डोळ्यांतून पाणी वाहतंय, ओठ सुजून बाहेर आलेत, आणि ते घास घेतायत. "जरा तिखट झालंय," म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी. आणखी एक घास. मिरची एकच होती, आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. आणखी एक घास त्यांनी उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि तो तिथेच राहिला. मग घास पानावर ठेवला.

"खाजतंय," दादा म्हणाले.

मी दादांच्या तोंडून मळा गेल्याचं ऐकलं होतं. तेव्हा सुद्धा आवाज एवढा पडला नव्हता.

आईनं चंची सोडली. आतून सुपारी निघेल असं मला वाटलं. निघाला चिंचेचा गोळा, कपड्यात बांधलेला, काळा, जुना. तिनं त्याचे चार तुकडे केले. पहिला दादांच्या तोंडात घातला, लहान मुलाला घालतात तसा. मग आम्हाला. आम्ही चौघं पत्र्याखाली बसून चिंच चोखत होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पावसाचा आवाज पत्र्यावर फार मोठा येतो.

जरा वेळानं घसा सुटला तेव्हा दादा म्हणाले, "ही चिंच कशाला आणली होती?"

आईनं चंचीची दोरी आवळली.

"कलाबाई." दादा आईला नावानं क्वचित हाक मारतात.

"असते माझ्याकडं," आई म्हणाली. "पहिल्यापासून. पानं आधी चिंचेच्या पाण्यात उकळायची, पिळून घ्यायची, मंग फोडणीला. आंबट लागलं तर ताकावर जातं."

"आपल्या अळूला?"

"अहो, अळूच ते. सगळंच अळू खाजतं."

दादा चुलीत बघत राहिले. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं, आणि ते येताना मला दिसलं. "आणि मी लोकांना सांगत होतो ते? चिंच घालू नका म्हणून?"

आईनं पदराला हात पुसले.

"इतकी वर्षं?"

"म्हणून तर," आई हळूच म्हणाली, "दर बुधवारी नवीन गिऱ्हाईक."

छायाताईला हसू फुटलं. ती दोन्ही हातांनी तोंड दाबून हसली आणि मग तशीच रडायला लागली. मी आईला म्हणालो, "आज तरी घालायची होतीस. माहीत होतं ना तुला? तू तर दोनदा वाढून घेतलंस!"

आई माझ्यावर एवढी कधी चिडली नव्हती. "इतक्या महिन्यांनी माणूस आपणहून जेवायला बसत होता. त्याच्या हातातली पळी काढून घेऊ का? घसा काय, राहतो दोन घटकांनी."

दादा उठले. टोपी घातली, पावसात गेले, ओढ्याकाठी आमच्याकडे पाठ करून बसले. आईनं मला खूण केली, जा. मी गेलो. शेजारी बसलो. कॅनव्हासचे बूट आता बूट राहिले नव्हते.

"ज्ञाना."

"हं?"

"माती चांगली होती ना पण?"

"एक नंबर होती, दादा."

"कोथिंबीर?"

"कोथिंबिरीचा वास तर रोडपर्यंत यायचा."

दादांनी मान हलवली. मग मागे शेडकडे बघून, आवाज बारीक करून, "तिच्यात तर ही काही घालत नव्हती ना?"

"नाही दादा. कोथिंबिरीत काय घालणार?"

"बघ बाबा," दादा म्हणाले. ओढ्याच्या पाण्यात अळूची पानं हलत होती. पाण्याचे थेंब त्यांच्यावर टिकत नव्हते.

नाक्यावर आमचे चार चेहरे बघून खाकी गृहस्थ उभे राहिले. "मधमाश्या?"

"पर्यटन," छायाताई म्हणाली.

त्यांनी स्टोव्ह परत दिला, वहीत सही घेतली. मी गाडी सुरू केली. परत जायचं, सकाळी दादा रस्त्याच्या कडेला उभे राहणार, ट्रकवाले अंबड विचारणार. अण्णा शेऱ्यात काय लिहितील याचा विचार माझ्या डोक्यात चालू होता. दार डावीकडच्या वळणावर उघडलं. चिंचेच्या चिकट हातांनी ओढणीची गाठ बसत नव्हती, म्हणून छायाताईनं दार पायानं धरलं.

घाट उतरताना एका पिंपळाखाली प्लास्टिकचा कागद बांधून एक बाई बसली होती. पुढ्यात पाटी. पाटीत रानभाज्यांचे वाटे.

"थांब," दादा म्हणाले.

मी ब्रेक मारला. गाडी पुढे जाऊन थांबली, मग मी झकास रिव्हर्स घेतला. दादा उतरले. आई उतरायला लागली तर छायाताईनं तिचा हात धरला. आम्ही तिघं काचेतून बघत होतो.

दादा पाटीपुढे बसले. उकिडवे, पण पाटीच्या ह्या बाजूला. मी त्यांना आयुष्यभर पलीकडच्या बाजूला पाहिलं होतं. त्यांना तिथे काय करायचं ते कळत नव्हतं. हात मांडीवर, मग पाटीकडे, मग परत मांडीवर. एका वाट्याला हात लावला, सोडला. दुसरा उचलला. कोवळे, लालसर वेलाचे कोंब होते, तिकडे त्याला चाई म्हणतात. त्यांनी एक कोंब जुडीतून ओढला, डोळ्यांजवळ नेला, आणि दोन बोटांत धरून मोडला. टच्.

"ए बाबा!" बाई कडाडली. नवसाबाई तिचं नाव, हे आईनं नंतर काढून घेतलं. "मोडू नको! घ्यायचं तं घे, नाय तं ठेव. सगळी येतात, मोडून मोडून पाहतात न् जातात. माझी भाजी काय तुमच्या बोटांसाठी हाय?"

आई गाडीत "अगं बाई" म्हणाली. छायाताईनं डोळे मिटले. मी स्टिअरिंग धरून बसलो. मला वाटलं, आता दादा उठतील आणि परत कधी जेवणार नाहीत.

दादा बोटांतल्या मोडक्या कोंबाकडे बघत होते. दोन तुकडे. मग बाईकडे पाहिलं. सुजलेल्या ओठांनी काहीतरी करायचा प्रयत्न केला. ते हसू होतं, हे मला पुढे बरंच नंतर कळलं.

"बरोबर हाये तुझं," ते म्हणाले. "मोडला तो बी टाक. सगळी जुडी दे."

"पिशवी धर."

पिशवी नव्हती. मळेवाल्याच्या हातात भाजीची पिशवी कुठून असणार? दादांनी इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि पुढे धरली. पाऊस त्यांच्या टकलावर पडत होता. बाईनं टोपीत कोंब घातले. मोडलेले दोन तुकडे वरून ठेवले.

घासाघीस केली नाही. खिशात हात घातला, जे निघालं ते दिलं. उठले, दोन पावलं आले, परत वळले.

"याला चिंच लागते का?"

"याला? नाय," नवसाबाई म्हणाली. "याला कशाला?"

दादा टोपी दोन्ही हातांत धरून गाडीपाशी आले आणि खिडकीतून आईकडे बघत उभे राहिले. आईनं टोपी घेतली, मांडीवर ठेवली. मग कमरेची चंची चाचपली.

"असू दे," आई म्हणाली. "मी बघते."